मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगचा बॅकअप आणि रिस्टोअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भजनी मंडळं, कीर्तनकार, नाट्यसंगीताचे कार्यक्रम करणाऱ्या संस्था, घरी गाणी बांधणारी तरुण मंडळी, अशा अनेकांकडे आता मल्टिट्रॅक रेकॉर्डर, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेणारं यंत्र, असतो. कुणाकडे झूमचा आर-१६ किंवा एल-१२, कुणाकडे टॅस्कॅमचा डीपी-००८ किंवा मॉडेल २४, तर मंडपात बेहरिंगर एक्स-३२ मिक्सरमध्ये बसवलेलं एक्स-लाइव्ह हे रेकॉर्डिंगचं कार्ड. माइक कुठे लावायचा, लेव्हल किती ठेवायची, हे सगळे उत्साहाने विचारतात. रेकॉर्डिंग सांभाळायचं कसं हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा काहीतरी गेल्यावरच येतो. म्हातारे बुवा एकदा गायले, ते गायले. ती मैफल पुन्हा होत नाही, म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

बॅकअप आणि एक्स्पोर्ट एकच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच गैरसमजातून होतं.

सॉंग बॅकअप म्हणजे रेकॉर्डरच्या आतलं गाणं आहे तसं उचलून ठेवणं. त्यात ध्वनी असतोच, शिवाय फेडर (आवाजाची पातळी) कुठे होते, पॅन (डावी-उजवी बाजू) कसा होता, ईक्यू, इफेक्ट, मार्कर, टेम्पो आणि यंत्रात सोय असेल तर एकाच ट्रॅकवरचे आधीचे टेकही येतात. तो पुन्हा त्याच रेकॉर्डरवर चढवला की गाणं तुम्ही सोडलं होतं तिथून पुढे सुरू करता येतं. पण अनेक यंत्रांत हा बॅकअप त्या कंपनीच्या खास स्वरूपात असतो आणि संगणकाला त्यातलं काही कळत नाही.

ट्रॅक एक्स्पोर्ट म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल. ती कुठल्याही संगणकावर, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये वाजते आणि वीस वर्षांनीही वाजेल. मात्र तिच्यात फक्त आवाज असतो. दोन रात्री जागून केलेलं मिक्सिंग त्यात नसतं.

मग दोन्हींपैकी काय ठेवू?

दोन्ही. निवड करावीच लागली तर मी वेव्ह फाइली ठेवेन. मिक्स पुन्हा करता येतो, आणि रेकॉर्डर कधीतरी बंद पडणारच. त्या दिवशी खास स्वरूपातला बॅकअप उघडायला तेच किंवा त्याच मालिकेतलं दुसरं यंत्र शोधत फिरावं लागतं. पण चालू काम, म्हणजे अजून ओव्हरडब (नंतर भरायचे ट्रॅक) बाकी आहेत, मिक्स अर्धवट आहे, असं असेल तर सॉंग बॅकअपला पर्याय नाही.

कार्ड संगणकाला लावलं, पण गाणी दिसतच नाहीत. गेली का?

बहुधा गेलेली नाहीत. टॅस्कॅमच्या डीपी-००८ सारख्या छोट्या पोर्टास्टुडिओ रेकॉर्डरांत एकाच एसडी कार्डाचे दोन भाग केलेले असतात. एक एमटीआर भाग, ज्यात प्रत्यक्ष गाणी असतात, आणि दुसरा फॅट भाग, जो संगणकाला दिसतो. यूएसबी केबल लावली की फक्त फॅट भाग उघडतो. त्यात तुम्ही आधी काही ठेवलं नसेल तर तो रिकामाच असणार.

म्हणून आधी रेकॉर्डरच्या मेनूत जाऊन सॉंग बॅकअप किंवा ट्रॅक एक्स्पोर्ट करायचं. तेवढ्याने ती फाइल फॅट भागात येते, मग केबल लावून ती संगणकावर उतरवायची. फॅट भाग लहान असतो. मोठ्या गाण्याचा बॅकअप त्यात मावला नाही तर जुने बॅकअप संगणकावर हलवून जागा करा.

एक धोका इथे सांगायलाच हवा. हे कार्ड थेट कार्ड रीडरमध्ये घातलं तर विंडोज कधी कधी म्हणतं की हा भाग ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का? तिथे ‘हो’ म्हटलंत तर गाणी जातात. ‘कॅन्सल’ करा आणि कार्ड काढा. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला लॉकचं बारीक बटण असतं, ते खाली करूनच कार्ड संगणकात घालायची सवय लावून घ्या.

झूमच्या कार्डावर तर वेव्ह फाइली सरळ दिसतात. कॉपी-पेस्ट केलं की झालं ना?

जवळजवळ. आर-१६ मध्ये प्रत्येक प्रोजेक्टचा क्रमांक असलेला फोल्डर असतो, आत ऑडिओचा फोल्डर आणि त्यात मोनो-०००, मोनो-००१ अशा नावांच्या वेव्ह फाइली. एच-६ मध्ये मल्टिफाइल रेकॉर्डिंग केलं की झूम०००१ असा फोल्डर होतो. त्यात ट्रॅकच्या फाइली आणि सोबत एचपीआरजे शेपटीची एक छोटीशी प्रोजेक्ट फाइल असते. लोक फक्त वेव्ह फाइली उचलतात आणि ही किरकोळ दिसणारी फाइल मागे ठेवतात. कुठली वेव्ह फाइल कुठल्या ट्रॅकवर बसते आणि मिक्स कसा होता हे अशाच फाइलींत लिहिलेलं असतं. म्हणून फोल्डर अख्खा उचला, आतलं काही निवडत बसू नका.

आणि संगणकावर आतल्या फाइलींची नावं बदलू नका. ‘मोनो-०००’ चं ‘बुवांचा आवाज’ केलंत तर तुम्हाला बरं वाटेल, पण रेकॉर्डर ‘मोनो-०००’च शोधत राहील. नावं द्यायची असतील तर वेगळी प्रत काढून तिला द्या.

जागा किती लागेल?

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीहून थोडा जास्त खातो, म्हणजे तासाला साधारण ५२० एमबी. १६ बिट, ४४.१ वर तोच तासाला ३२० एमबीच्या आसपास. झूमचा एल-१२ बारा चॅनल आणि स्टिरिओ मास्टर मिळून १४ ट्रॅक एकदम घेतो. तीन तासांच्या भजनाच्या कार्यक्रमाचे सुमारे २२ जीबी झाले. ३२ जीबीच्या कार्डात असा एकच कार्यक्रम मावतो. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाआधी बॅकअप घ्यायलाच हवा, किंवा दुसरं कार्ड हवं. माझं मत विचाराल तर दुसरं कार्ड घ्या. रात्री दोनला घरी पोचल्यावर घाईघाईत बॅकअप घेऊन लगेच कार्ड पुसणं यासारखी वाईट वेळ नाही.

एच-६ मध्ये ‘बॅकअप रेकॉर्डिंग’ नावाची सोय आहे. ती चालू ठेवली तर वेगळा बॅकअप नको ना?

हवाच. त्या सोयीचं काम वेगळं आहे. एल-आर इनपुटचं रेकॉर्डिंग चालू असताना त्याचीच १२ डेसिबल कमी पातळीची दुसरी फाइल ती करून ठेवते. कुणी अचानक वरच्या षड्जावर जोर लावला आणि मूळ फाइलीतला आवाज फाटला, तर ती कमी पातळीची फाइल वाचवते. सोय उत्तम आहे, जरूर वापरा. पण दोन्ही फाइली एकाच कार्डावर असतात. कार्ड हरवलं की दोन्ही गेल्या.

कॉपी नीट झाली हे कसं ओळखायचं?

तीन पायऱ्या आहेत, आणि त्या चढत्या क्रमाने करायच्या.

पहिली: कार्डावरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, कॉपीच्याही बघा. फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार जुळला पाहिजे. ‘२१ जीबी’ इतकं जुळून भागत नाही, शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे.

दुसरी: मोठं काम असेल तर टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर वापरून पडताळणीसह कॉपी करा. ते दोन्हीकडच्या फाइलींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून ताडून बघतं. आकार तोच राहून आतला मजकूर बिघडला असेल तर ते फक्त यातच कळतं.

तिसरी: ऐका. प्रत्येक ट्रॅक सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या मिनिटात थोडा थोडा वाजवा. शेवटचं मिनिट विशेष महत्त्वाचं, कारण अर्धवट राहिलेली कॉपी सुरुवातीला अगदी निरोगी वाजते. पखवाजाच्या ट्रॅकवर पखवाज आहे, पेटीच्या ट्रॅकवर पेटी आहे, एवढं कानाने पाहून घेतलं की मन निवांत होतं.

या तिन्ही झाल्याशिवाय कार्ड पुसू नका. आणि पुसायचं तेव्हा रेकॉर्डरच्याच मेनूतून फॉरमॅट करा. फोन किंवा संगणकावरून फाइली डिलीट करून जागा केली तर मॅकसारख्या संगणकावर त्या कार्डाच्याच कचरापेटीत पडून राहतात, आणि कार्ड भरलेलंच दाखवतं.

रिस्टोअर करून बघायलाच हवं का? बॅकअप तर घेतलाय.

हो, करून बघाच. ज्या बॅकअपमधून कधी रिस्टोअर केलेलं नाही तो चालतो की नाही हे कुणालाच माहीत नसतं. वर्षातून एकदा नव्हे, नवं यंत्र घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात करा.

त्यासाठी एक मोकळं कार्ड बाजूला ठेवा. मूळ कार्डावर रिस्टोअरचा प्रयोग कधीही करू नका, कारण काही यंत्रं त्याच नावाचं गाणं सापडलं की त्यावरच लिहितात. मोकळं कार्ड रेकॉर्डरमध्ये घालून तिथेच फॉरमॅट करा. मग संगणकावरचा बॅकअप ज्या फोल्डरमधून घेतला होता त्याच नावाच्या, त्याच जागेच्या फोल्डरमध्ये ठेवा, कार्ड ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा आणि रेकॉर्डरमध्ये घाला. टॅस्कॅमसारख्या यंत्रात मेनूतून सॉंग रिस्टोअर करावं लागतं, झूममध्ये प्रोजेक्टच्या यादीत तो आपोआप दिसतो. उघडल्यावर फेडर आणि पॅन पूर्वीसारखे आहेत का, सगळे ट्रॅक वाजतात का, एवढं पाहा.

एल-१२ आणि एल-२० यांना मागे यूएसबी होस्टचं पोर्ट आहे. त्यात पेन ड्राइव्ह लावून मेनूतूनच प्रोजेक्टचा बॅकअप घेता येतो आणि तसाच परतही चढवता येतो. संगणक नेण्याची सोय नसेल तिथे, म्हणजे बाहेरगावच्या सप्ताहात वगैरे, हा मार्ग फार कामाचा आहे. कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळत असताना पेन ड्राइव्हवर प्रत उतरत राहते.

रिस्टोअर केलं, पण काही ट्रॅक रिकामे दिसतात.

नेहमीची कारणं चार. फाइलीचं नाव बदललं गेलं. फोल्डर एक पायरी आत गेला, म्हणजे झिप उघडताना त्याच नावाच्या फोल्डरमध्ये तोच फोल्डर तयार झाला. नावात देवनागरी अक्षरं आली, जी रेकॉर्डर वाचू शकत नाही. किंवा ट्रॅक आहे, पण त्याला फाइल नेमलेली नाही, ती मेनूतून पुन्हा नेमावी लागते.

मॅक वापरणाऱ्यांसाठी एक पाचवं कारण. मॅकवरून फॅट कार्डावर कॉपी करताना प्रत्येक फाइलीसोबत टिंब आणि अधोरेषा यांनी सुरू होणारी एक लपलेली जोडफाइल तयार होऊ शकते. रेकॉर्डरला ती खरी वेव्ह फाइल वाटते आणि तो उघडायला जाऊन गोंधळतो. लपलेल्या फाइली दाखवायची सोय चालू करून त्या काढून टाका.

रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली. आता फाइल उघडत नाही.

हा प्रसंग मंडपात नेहमीचा आहे. जनरेटर सुरू होईपर्यंतचे ते दहा सेकंद पुरेसे असतात.

आधी काय झालं ते समजून घ्या. वेव्ह फाइलीच्या सुरुवातीला एक छोटा हेडर असतो. फाइल किती लांब आहे, किती बिट, किती चॅनल हे त्यात लिहिलेलं असतं. रेकॉर्डिंग चालू असताना लांबीचा आकडा अजून ठरलेला नसतो, बऱ्याच यंत्रांत तो ‘स्टॉप’ दाबल्यावरच भरला जातो. वीज मध्येच गेली की आवाज कार्डावर असतो, पण लांबीच्या जागी शून्य राहतं. प्लेअर ते वाचून म्हणतो, यात काही नाही.

करायचं ते असं. कार्ड काढा, लॉक करा आणि त्याची अख्खी प्रतिमा संगणकावर घ्या. विंडोजवर त्यासाठी विन-३२ डिस्क इमेजर आहे, लिनक्स आणि मॅकवर डीडी ही आज्ञा. ही प्रतिमा बाइटला बाइट असते, त्यामुळे संगणकाला न दिसणारा एमटीआर भागही तिच्यात येतो. प्रतिमा हातात आल्यावर कार्डाचं लॉक काढून ते रेकॉर्डरमध्ये घाला आणि चालू करा. काही यंत्रं अर्धवट फाइल ओळखून स्वतःच दुरुस्त करतात. प्रतिमा घेण्याआधी मात्र ना रेकॉर्डर चालू करा, ना विंडोजचं चेकडिस्क चालवा. दोन्ही कार्डावर लिहितात.

यंत्राने दुरुस्त केलं नाही, पण फाइलीचा आकार मोठा दिसतोय, तर तुमचं नशीब चांगलं आहे. मोफत मिळणारं ऑडॅसिटी उघडा. फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा असं जाऊन ती फाइल निवडा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा मोनो ट्रॅक असेल तर ‘साइन्ड २४ बिट पीसीएम’, ‘लिटल-एंडियन’, एक चॅनल, ४८००० हे भरा आणि स्टार्ट ऑफसेट ४४ द्या. आवाज आला तर काम झालं. नुसता धबधब्यासारखा खरखराट आला तर घाबरू नका. २४ बिटमध्ये आवाजाचा एक नमुना (सॅम्पल) तीन बाइटचा असतो आणि तुम्ही एखाद्या बाइटने पुढेमागे सुरुवात केली आहे. ऑफसेट ४५ करा, नाहीतर ४६. या तिघांपैकी एकावर गाणं स्वच्छ ऐकू येतं. सुरुवातीला हेडरचा एक ‘टक्’ येतो, तो कापून टाका आणि फाइल नव्या वेव्हमध्ये साठवा. सगळ्या ट्रॅकना हाच आकडा द्या, म्हणजे ते एकमेकांशी जुळलेले राहतील.

फाइलीचा आकारच शून्य दिसत असेल तर मामला खालच्या प्रश्नाकडे जातो.

यापुढे मात्र रेकॉर्डरला छोटा यूपीएस किंवा चालणार असेल तर पॉवर बँक लावा. एक्स-लाइव्ह कार्डात तर याचसाठी सीआर-१२३ए बॅटरीची जागा दिलेली आहे. वीज गेल्यावर ती फाइल व्यवस्थित बंद होईपर्यंत कार्डाला तग धरू देते. अनेकांच्या कार्डात ती जागा रिकामीच असते.

चुकून कार्ड फॉरमॅट झालं. परत मिळेल का?

आधी थांबा. त्या कार्डावर एकही सेकंद रेकॉर्ड करू नका. साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा फाइलींची यादी पुसली जाते, आवाज लगेच पुसला जात नाही. वरच्यासारखीच प्रतिमा घ्या आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतिमेवर करा.

फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर वेव्ह फाइलींचे हेडर शोधून तिथून पुढचा मजकूर उचलतं. दोन ट्रॅकच्या रेकॉर्डरसाठी ते बरेचदा चांगलं काम करतं. मल्टिट्रॅकमध्ये मात्र एक अडचण आहे. बारा ट्रॅक एकाच वेळी लिहिले जात असताना कार्डावर त्यांचे तुकडे आळीपाळीने पडतात. थोडा गायकाचा, मग थोडा पेटीचा, मग थोडा टाळांचा, पुन्हा गायकाचा. कुठला तुकडा कुणाचा हे सांगणारी यादी तर फॉरमॅटने पुसली. त्यामुळे परत मिळालेल्या एकाच फाइलीत सगळे जण क्षणाक्षणाला बदलत ऐकू येतात. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर वाईट आहे, पण त्याच्याकडे माहितीच नसते.

तुकड्यांचा आकार ठरलेला असतो आणि क्रम बहुधा नियमित असतो, त्यामुळे जाणकार माणूस ते पुन्हा वेगळे करू शकतो. ते काम वेळखाऊ आणि महागडं असतं. रेकॉर्डिंग खरंच अनमोल असेल तर स्वतः चार सॉफ्टवेअर चालवून बघण्यापेक्षा प्रतिमा आणि कार्ड दोन्ही डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या आणि त्याला एकच गोष्ट आवर्जून सांगा: किती ट्रॅक एकदम रेकॉर्ड होत होते, किती बिट आणि किती किलोहर्ट्झवर.

एक्स-लाइव्हच्या कार्डावर अगम्य नावांच्या फाइली आहेत. गाणी कुठे आहेत?

प्रत्येक सत्राचा एक फोल्डर असतो, नाव आकडे-अक्षरांचं. आत १, २, ३ अशा क्रमाच्या वेव्ह फाइली आणि सत्राची नोंद ठेवणारी एक छोटी लॉग फाइल. यातली प्रत्येक वेव्ह फाइल ३२ चॅनलची असू शकते, सगळे चॅनल एकाच फाइलीत गुंफलेले. कार्ड फॅट-३२ स्वरूपाचं असल्याने एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. ३२ चॅनल, ३२ बिट, ४८ किलोहर्ट्झला ४ जीबी म्हणजे साडेअकरा मिनिटांच्या आसपास. त्यामुळे दोन तासांच्या कार्यक्रमाच्या दहा-अकरा फाइली होतात आणि मधली एक हरवली तर कार्यक्रमाला मध्येच साडेअकरा मिनिटांचं भगदाड पडतं. ३२ जीबीची दोन कार्डं मिळून पावणेतीन तासांहून थोडं जास्त मावतं, आणि सत्र दोन्ही कार्डांवर पसरलेलं असू शकतं. बॅकअप घेताना दोन्ही कार्डं उतरवा.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी व्हर्च्युअल साउंडचेकसाठी तेच रेकॉर्डिंग मिक्सरवर वाजवायचं असेल तर लॉग फाइलीसह अख्खा फोल्डर हवा. मिक्सिंग करायचं असेल तर फाइली रीपर या सॉफ्टवेअरमध्ये एकापुढे एक ठेवून मल्टिचॅनल आयटम ‘एक्स्प्लोड’ करा, प्रत्येक चॅनल वेगळ्या ट्रॅकवर येतो.

एमपी-३ करून ठेवलं तर जागा वाचेल ना?

ऐकायला द्यायला एमपी-३ करा, साठवायला नको. जागा वाचवायची तर फ्लॅक हे स्वरूप वापरा. त्यात आवाजातलं काहीही जात नाही, उलगडल्यावर नमुन्याला नमुना मूळ आवाज परत मिळतो. रिकामे चॅनल तर जवळजवळ नाहीसे होतात. मात्र ३२ बिट फ्लोटमधली रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये बसत नाहीत, ती वेव्हमध्येच ठेवा. आणि रेकॉर्डरवर परत चढवायचा बॅकअप कधीही फ्लॅक करू नका.

कार्ड कुठलं घ्यावं?

रेकॉर्डरच्या कंपनीने तपासलेल्या कार्डांची यादी असते, त्यातलं. आर-१६ सारखी जुनी यंत्रं ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं घेतात, मोठं घेऊन उपयोग नाही. कुठूनही घेतलं तरी पहिल्यांदा एच-२ टेस्ट-डब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून वाचून बघा. बनावट कार्ड ६४ जीबी दाखवतं आणि आठ जीबीनंतरचं सगळं हवेत लिहितं, तेही रेकॉर्डिंगच्या वेळी काहीही तक्रार न करता.

प्रती किती आणि कुठे ठेवू?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम इथेही चालतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. मंडळासाठी याचा अर्थ असा: एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी किंवा क्लाउडवर. संगणक आणि हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील तर पुराचं पाणी दोघांनाही सारखंच लागतं. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ साली ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

एसडी कार्ड आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला बनलेले नाहीत, त्यांच्यातला विद्युतभार हळूहळू उतरतो. गूगल ड्राइव्हवर फुकट जागा १५ जीबी, म्हणजे मोठा कार्यक्रम मावणार नाही. तिथून मोठा फोल्डर उतरवताना तो अनेक झिपमध्ये तुटून येतो, सगळ्या झिप एकाच जागी उघडल्या तरच फोल्डर पूर्ण होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.

आमच्याकडे रोलँड व्हीएस-८८० वरच्या झिप डिस्क आणि एडॅटच्या कॅसेट पडून आहेत. काय करता येईल?

लवकर करा, एवढं पहिलं. व्हीएस-८८० हा १९९६ चा मल्टिट्रॅक रेकॉर्डर. त्याचा आवाज सहसा रोलँडच्या स्वतःच्या सांकेतिक पद्धतीत दाबून ठेवलेला असतो आणि डिस्क साध्या संगणकाला वाचता येत नाही. पुढच्या व्हीएस यंत्रांनी सीडीवर घेतलेल्या बॅकअपचंही तेच, आणि तो अनेक सीड्यांवर पसरलेला असेल तर मधली एक खराब झाली की रिस्टोअर तिथेच अडतं. पहिला शोध चालू स्थितीतल्या यंत्राचा. ते मिळालं की गाणं रिस्टोअर करून डिजिटल आउटमधून दोन-दोन ट्रॅक संगणकात घ्या. प्रत्येक फेरीत ट्रॅक एकमेकांपासून सरकतात, म्हणून गाण्याआधी मोकळी जागा असेल तर सगळ्या ट्रॅकवर एकाच ठिकाणी एक छोटा ‘टक्’ टाकून ठेवा. नंतर संगणकात तेच टोक जुळवायचं. हे काम गाण्याच्या प्रतीवर करा, मूळ गाण्याला हात लावू नका.

एडॅट १९९१ मध्ये जाहीर झालं, त्याच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक असतात. त्याचं काम उलट सोपं आहे, कारण यंत्राच्या मागच्या ऑप्टिकल केबलमधून आठही ट्रॅक एकदम बाहेर येतात आणि आजही कित्येक ऑडिओ इंटरफेसना ते पोर्ट असतं. अवघड आहे ते चांगल्या डोक्याचं (हेडचं) यंत्र मिळणं. आमच्या हवेत कॅसेटवर बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती वाजवून बघू नका, यंत्राचं डोकंही खराब होईल. आधी साफ करून घ्या.

कार्डावरून उतरवलेला फोल्डर ज्यात ठेवायचा, त्या बाहेरच्या फोल्डरला नाव काय द्यावं?

रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव. म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. त्याआधी रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर आहे ना ते पाहा, नाहीतर सगळ्या कार्यक्रमांवर एकच जुनी तारीख पडते.

आणि फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा, तीही रेकॉर्डिंग झालं त्याच रात्री लिहिलेली. ही फाइल देवनागरीत असली तरी चालते, ती रेकॉर्डरला वाचायची नसते, फक्त परत चढवताना ती कार्डावर नेऊ नका. तिच्यात ट्रॅक एक मुख्य गायक, दोन पेटी, तीन पखवाज डावा, चार पखवाज उजवा, पाच-सहा टाळकरी, असं लिहा. किती बिट, किती किलोहर्ट्झ, कुठलं यंत्र तेही लिहा. कोण गायलं, कुठला अभंग कितव्या मिनिटाला, कुणाच्या सांगण्यावरून पुन्हा गायला, हेही लिहा. गाणाऱ्यांची नावं पूर्ण लिहा, ‘अण्णा’ आणि ‘तात्या’ लिहून भागत नाही. दर मंडळात ते असतात, आणि नातवंडं शोधायला येतील तेव्हा त्यांना आडनावच विचारलं जाईल.